काखेतल्या चिंधीची साक्ष

माझ्या साडूला किळस येत नाही अशी एखादी तरी वस्तू जगात असेल म्हणून मी चाळीस वर्षं शोधली. सापडली नाही. दाराची कडी, न्हाव्याचा टॉवेल, बसमधला दांडा, थुंकी लावून उलटलेलं पान, पाहुण्याने डोकं ठेवलेली उशी, सगळ्याला त्याचा एकच शब्द: "शी!" तोही असा नाकातून, लांबवून, की ज्याची वस्तू असेल त्याने ती तिथेच टाकून पळ काढावा.

लग्नानंतर तो पहिल्यांदा सासऱ्यांकडे जेवायला आला तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघे जावई शेजारी शेजारी बसलो होतो, मी मोठा, तो धाकटा. हात धुऊन झाल्यावर सासूबाईंनी कौतुकाने नवा टॉवेल पुढे केला. याने तो नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाला, "ओला असताना घडी घातलीय. मंगळवारी." सासूबाईंनी टॉवेल ओढूनच घेतला, कारण मंगळवारीच घातली होती. सासरे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मोठे जावईबापू, पोरगी आपण माणसाला दिली ना?"

मी हसून हसून उपाशी राहिलो त्या दिवशी.

पण त्याच नाकावर त्याचं पोट चालत होतं. शर्ट शिवायच्या कारखान्यात तो कापड तपासायचा. खालून दिवे लावलेलं काचेचं टेबल, त्यावरून कापडाचा तागा सरकत जायचा, आणि हा हातात खडू घेऊन उभा. कुठे गाठ, कुठे सुटलेला धागा, कुठे तेलाचा ठिपका, दिसला की फुली. एकतीस वर्षं. कारखान्यात त्याला तोंडावर 'तपासनीस' म्हणायचे आणि पाठीमागे 'शी-मास्तर'. त्याला दोन्ही ठाऊक होतं. दुसरं नाव त्याला जास्त आवडायचं असा माझा संशय आहे.

आता त्याची खरी तपासणी ऐका. दिव्याच्या टेबलावर कापड उत्तम ठरलं तरी तो शिक्का मारायचा नाही. ताग्याच्या टोकाची चार बोटं रुंद चिंधी फाडायचा आणि ती काखेत, आतल्या पांढऱ्या बनियनला टाचून घ्यायचा. दिवसभर तशीच. संध्याकाळी काढून उजेडात बघायची, बनियनला रंग लागला का ते पाहायचं, आणि मग ती नाकाशी न्यायची. बसचा दांडा रुमालाने धरणारा माणूस! स्वतःच्या काखेतली चिंधी हुंगायचा आणि मान डोलवायचा, जणू फूल हुंगतोय.

त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, म्हणायची, "माझ्या कपाटात आली नाहीत एवढी कापडं यांच्या काखेत राहून गेली."

मी एकदा विचारलं, "अरे बाबा, या चिंधीची तुला किळस येत नाही?"

"येते तर, साडूभाऊ. मळमळतं कधी कधी. पण ज्याला किळस येत नाही त्याने कापड तपासूच नये. कापड शेवटी कोणाच्या तरी काखेतच जाणार आहे."

त्या कारखान्यात एक जुनी रीत होती. ताग्यांचा एखादा लॉट पास झाला की त्यातला पहिला शिवलेला शर्ट तपासनिसाचा. तो त्याने एक पूर्ण दिवस घालून फ्लोअरवर, म्हणजे शिलाईच्या दालनात, हिंडायचं. तपासणीचे कागद कधी यायचे, कधी हरवायचे, कधी त्यावर चहा सांडायचा. कापड कापणारा कटिंग मास्तर कागदाकडे बघायचाच नाही. तपासनिसाच्या अंगावर शर्ट दिसला की थर अंथरायचे आणि कातर लावायची. तीस वर्षांत एकदाही कातर चुकली नव्हती. माणसं मोठ्या सहीवर विश्वास ठेवतात. इथे लोक एका चिडक्या माणसाच्या अंगावरच्या शर्टावर ठेवायचे.

आणि मग नवे साहेब आले.

साहेब वयाने लहान, बोलायला गोड, आणि अंगाला एवढं अत्तर की ते निघून गेल्यावरही त्यांचा सुगंध अर्धा तास कामावर हजर असायचा. साडू म्हणायचा, "जो माणूस इतका वास लावतो, त्याला कुठला तरी वास झाकायचा असतो." मी म्हणायचो, तुला बाबा सगळ्यांतच वास येतो.

साहेबांनी खेळाच्या शर्टांसाठी एक कापड आणलं. गडद हिरवं, इस्त्री लागत नाही, चुरगळत नाही. दिव्याच्या टेबलावर एकही फुली पडली नाही. मशीनवर तपासून कागद आला: पास. साडूने चिंधी काखेत घातली. संध्याकाळी बनियनवर पोपटी गोल उमटलेला, आणि वास कसला? मेलेल्या माशाचा. अशा कापडावर चुरगळू नये म्हणून एक औषध चढवतात, ते नीट धुऊन काढलं नाही की कोरडं असताना गप्प बसतं आणि घामाने ओलं झालं की बोलायला लागतं. हे त्यानेच मला शिकवलं. त्याने दुसरी चिंधी घेतली, तिसरी घेतली. तीन दिवस तो घरी आला की मेहुणी खिडक्या उघडायची.

त्याने अख्ख्या लॉटवर फुली मारली.

साहेब म्हणाले, "अहो, मशीन पास म्हणतंय."

"मशीनला काख नाही, साहेब."

सगळा फ्लोअर हसला. साहेबही हसले, पण त्यांचे दात तेवढे हसले. लॉट आठ दिवस गोदामात पडून राहिला. साडूच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. साहेबांना दोन महिने थांबायचं नव्हतं.

नवव्या दिवशी साडूच्या घरी एक खोका आला. मी तिथेच होतो, मेहुणीने चहा टाकला होता. खोक्यात एक पत्र आणि एक शर्ट. शनिवारी सकाळी साहेब आपल्या खास सहकाऱ्यांना गोल्फ खेळायला नेणार, त्यात साडूलाही बोलावणं. खाली काय घालायचं त्याची यादी. माझ्या मेहुणीने ती मोठ्याने वाचली, आणि प्रत्येक ओळीला साडूने जी तोंडं केली ती बघायला मी पुन्हा जन्म घेईन.

"शर्टाला कॉलर हवी. शर्ट आत खोचलेला हवा. पट्टा हवा. जीन्स चालणार नाही."

"मी कधी घातली?"

"टोपीची झापड पुढेच हवी."

"मागे कोण घालतं? पाठीला ऊन लागतं का?"

"डाव्या हाताला एक हातमोजा."

"एकच? आणि उजव्या हाताने काय पाप केलं?"

"बूट नसतील तर तिथे भाड्याने मिळतील."

इथे तो उभाच राहिला. "भाड्याचे? म्हणजे गेल्या शनिवारी ज्याच्या बोटांत चिखल्या होत्या, त्याच्या घामात मी पाय घालायचा? आणि त्याच्या आधी ज्याच्या टाचेला भेगा होत्या त्याच्या? शी! ते बूट नाहीत, ती धर्मशाळा आहे पायांची!"

"अहो, तुमचे कॅनव्हासचे बूट धुवून देते मी," मेहुणी म्हणाली. "पण हे शेवटचं ऐका. सर्वांनी सोबतचाच शर्ट घालायचा आहे. फोटो काढणार आहेत."

शर्ट हिरवा होता.

साडूने तो दोन बोटांनी उचलला, मेलेल्या उंदराचं शेपूट धरावं तसा. मग म्हणाला, "पाहिलंत, साडूभाऊ? पहिला शर्ट तपासनिसाचा. मी हा घातला की लॉट पास. सही नको, शिक्का नको. गोड बोलून गळ्यात घालतात, आणि तोही आत खोचून."

"मग नको घालू. जाऊच नको," मी म्हणालो.

"नाही गेलो तर म्हणतील, म्हातारा हेकट आहे, मशीनच्या पुढे आपलं नाक घेऊन बसलाय. गेलो आणि दुसरा घातला तर आत सोडणार नाहीत." तो खोलीत दोन येरझाऱ्या घालून आला आणि एकदम त्याचे डोळे चमकले. "घालतो. घालतोच! आतून पांढरं शुभ्र बनियन, नवं. अख्खा शर्टच चिंधी समजायचा. चार तास उन्हात चालायचं आहे ना? मी एकटाच नाही, सगळेच घामाघूम होणार. साहेबसुद्धा. साहेबांच्या स्वतःच्या काखेनेच साक्ष दिली, तर मला बोलायचीही गरज नाही."

मला ही युक्ती इतकी आवडली की मी मांडीवर थाप मारली आणि चहा सांडला. आम्हा दोघांपैकी एकालाही फ्लोअरची आठवण झाली नाही. शनिवारी ऑफिसला सुट्टी असते, फ्लोअरला नसते, हे त्याला एकतीस वर्षं ठाऊक होतं. किळस आली की माणसाला पुढचं दिसत नाही. युक्ती सुचली की तर अजिबातच नाही.

शनिवारी मीच त्याला माझ्या टेम्पोतून नेलं. दारावरच्या पहारेकऱ्याने टेम्पो पाहून मला सामान आणणारा समजून आत सोडलं, माझं काय जातंय! इतकं गवत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्यावर एकही गाय नाही. मी एका झाडाखाली बसलो.

सगळे हिरवे. एक विक्रीवाले, एक खरेदीवाले, साहेब, आणि मधे माझा साडू, पट्टा बरगड्यांपर्यंत ओढलेला, टोपी कानांवर, डाव्या हातात पांढरा मोजा घातलेला आणि तो हात अंगापासून लांब धरलेला, कारण मोजा कोणाचा होता कोण जाणे. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, सगळे हसले, फोटो निघाला.

खेळ म्हणाल तर साडूने पहिल्या फटक्याला चेंडू जागचा हलवला नाही, गवताचा मात्र ताटाएवढा लचका उडवला. दुसऱ्या फटक्याला खरेदीवाले बाजूला झाले. तिसऱ्याला सगळेच.

तासाभरात ऊन चढलं. माणसं माझ्या झाडाजवळून जायला लागली तसा मला पहिला भपका आला. विक्रीवाले थांबून इकडेतिकडे बघू लागले. "इथल्या तळ्यात मासे मेलेत की काय?"

"मघापासून येतोय मला," खरेदीवाले म्हणाले. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि रुमालाकडे पाहतच राहिले. मान हिरवी, रुमाल हिरवा, कॉलरखाली शेवाळं चढल्यासारखी रेघ. त्यांनी हळूच स्वतःच्या खांद्याकडे नाक नेऊन हुंगलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला झाडाला धरून हसावं लागलं. मग विक्रीवाल्यांनी हुंगलं. मग दोघांनी एकमेकांपासून चार पावलं अंतर घेतलं. दोन मोठी माणसं, उंची बूट, हातात चकचकीत काठ्या, आणि डबक्यातून उपसून काढलेल्या बेडकांसारखी उन्हात उभी!

साडूचं नाक, मला लांबूनही दिसत होतं, अगदी ताठ होतं. तो साहेबांच्या घामाची वाट बघत होता.

साहेब आले, म्हणाले, "अहो, काठी अशी नाही धरायची," आणि त्याच्या मागे उभे राहून दोन्ही हातांनी त्याचे हात धरून दाखवू लागले. साहेबांची बाही याच्या मनगटाला घासली. साडू एकदम थिजला. मग त्याने मोजा काढला, उघड्या बोटांत साहेबांची बाही धरली आणि अंगठ्याने चोळली. दिव्याच्या टेबलाशी एकतीस वर्षं कापड चोळलं तशी.

"साहेब, तुमचा शर्ट कुठला?"

"कुठला म्हणजे? तोच."

"तोच नाही. रंग तोच आहे, कापड ते नाही. तुम्हाला घाम आलाय आणि वास अत्तराचाच येतोय."

साहेबांनी बाकीच्यांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. पण वारा माझ्या बाजूचा होता. "माझी कातडी नाजूक आहे हो. डॉक्टर म्हणाले, जपा."

"आणि घेणाऱ्यांना कातडी नसते?"

"तुम्ही उगाच त्रास करून घेताय." साहेब गोड हसले. "मघाचा फोटो मी कटिंग मास्तरांना पाठवला. तुमच्या अंगावर शर्ट पाहिला, आता कातर लागली असेल. खेळा निवांत."

साडूने काठी गवतावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. आणि सरळ माझ्याकडे आला. "टेम्पो काढा, साडूभाऊ."

वाटेत मी बोलून बघितलं. म्हटलं, युक्ती तर लागू पडली, दोघे हिरवे झाले, साहेबांचं पितळ उघडं पडलं. तो खिडकीबाहेर बघत होता. बाजूच्या आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसलं, ती टोपी, तो हिरवा गळा. "शी!" तो म्हणाला. चाळीस वर्षांत त्याच्या त्या शब्दाला मी पहिल्यांदा हसलो नाही.

कारखान्यात कातरीचा आवाज जिन्यापासूनच येत होता. लांब टेबलावर हिरव्या कापडाचे थर अंथरलेले, कटिंग मास्तर विजेची कातर चालवतोय, पलीकडे काजं-बटणं करणाऱ्या बायका रांगेत बसलेल्या. मास्तराने याला पाहिलं आणि हसून हात केला. "या तपासनीस! फोटो झकास आला बघा. म्हटलं चला, शी-मास्तरांनी अंगात घातला म्हणजे लॉट सोन्याचा!"

"बंद कर."

"काय?"

"कातर बंद कर, मास्तर."

"अहो, तुम्हीच घातलाय की! साहेबांचाही निरोप आहे. आता मी कशावर थांबवू?"

साडू तिथे उभा राहिला. सासुरवाडीला ऐन उन्हाळ्यातही ज्याने कधी गळ्याचं बटण उघडलं नाही, दवाखान्यात डॉक्टरला जो म्हणायचा, "शर्टावरूनच तपासा", तो हा माणूस. दुसऱ्याचं उघडं अंग बघून त्याला शिसारी यायची आणि आपलं दाखवायची त्याहून जास्त. त्याने वरचं बटण काढलं. मग दुसरं. तिसऱ्याला वेळ लागला. खोचलेला शर्ट ओढून बाहेर काढला आणि अंगावेगळा केला. चाळीस माणसांसमोर तो बनियनवर उभा राहिला, आणि बनियनवर दोन्ही काखांतून निघून पोटापर्यंत उतरलेले दोन हिरवे ओघळ, गळ्याभोवती शेवाळी फास.

पंखा फिरत होता. वास आपला आपण टेबलाच्या टोकापर्यंत गेला.

कातर अजून चालूच होती. बटणांच्या रांगेतली सगळ्यात म्हातारी बाई उठली. चष्मा वर केला, याच्या अगदी जवळ आली, बनियन हुंगलं आणि पदर नाकाला लावला. "अगं आई गं! अहो, डबक्यात पडलात की काय?" मग मास्तराकडे वळून म्हणाली, "ए मुडद्या, हे आम्ही बटणं लावून लोकांच्या अंगावर घालायचं? बंद कर ते!"

मास्तराने खटका खाली केला.

थरांची एक थप्पी कापून झाली होती, बाकीचं कापड वाचलं. कापलेले तुकडे पुसायला फडकी म्हणून मेकॅनिककडे दिले, तर तो म्हणाला, नको, मशीनला वास लागेल. हिरवं कापड जिथून आलं तिथे परत गेलं. साहेब ओरडले नाहीत. गोड बोलूनच त्यांनी साडूला दिव्याच्या टेबलावरून हलवलं आणि उरलेले दोन महिने गोदामात खोके मोजायला बसवलं. टेबलावर एक नवा तपासनीस आला, ज्याला मशीनचा कागद वाचता येत होता आणि सर्दी बारमाही होती. मी म्हटलं, वाईट वाटतं का रे? साडू म्हणाला, "गोदामात झुरळं आहेत, साडूभाऊ. खोक्यांच्या चिकटपट्टीला त्यांचे पाय चिकटलेले असतात. नुसते पाय." बस, एवढंच दुःख त्याने सांगितलं.

निरोपाच्या दिवशी साहेब आले नाहीत. कटिंग मास्तर आला, कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. नव्या लॉटचा पहिला शर्ट. फिकट निळा. "कागद सगळे आलेत," मास्तर म्हणाला, "थरही अंथरून ठेवलेत. पण कातर लावली नाही अजून. आमच्याच्याने हात उचलवला नाही."

"मी हे तपासलेलं नाही," साडू म्हणाला. "आणि आता माझं काम नाही ते."

निरोपाचा हार तसाच एकाच्या हातात. साडूने शर्टाची शिवण उलटली, उजेडाकडे धरली, नाकाजवळ नेली, परत खाली आणली. मग बटणवाल्या म्हातारीकडे हात पुढे केला. तिने न विचारता कात्री दिली. आतल्या पट्टीतली चार बोटं चिंधी कापून घेऊन तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, चिंधी काखेत सारली आणि दंड दाबून परत आला. "उद्या सांगतो," म्हणाला आणि हार घालून घ्यायला मान पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो घेऊन त्या रस्त्याने जात होतो. खोटं कशाला बोलू, मुद्दाम गेलो होतो. कारखान्याच्या फाटकाबाहेर, पाळीवर येणाऱ्या माणसांच्या वाटेत, माझा साडू उभा. आत जायचा आता त्याला हक्क नव्हता. अंगावर फिकट निळा शर्ट, आत खोचलेला, पट्टा बरगड्यांपर्यंत. माणसं येत होती, त्याच्याकडे बघून थबकत होती आणि आत जात होती. कटिंग मास्तराने सायकलवरून उतरून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि झपाझपा आत गेला. थोड्या वेळाने आतून कातरीची घरघर ऐकू आली.

मी टेम्पोतून हाक मारली, "काय रे, पास का?"

त्याने दोन बोटांनी मधलं बटण उचलून बघितलं आणि नाक वर केलं.

"कापड ठीक आहे हो. पण ही बटणं कोणी निवडली? शी!"